हॅरोफील्डची पंगत

"खा की, प्रिन्स. गार होतंय," मिस ओपल म्हणाली.

माझ्यापुढं पांढऱ्या बशीत चीज घालून तव्यावर परतलेला टोस्ट होता. कडेनं चीज ओघळत होतं, वास थेट टाळूला जाऊन भिडत होता, आणि मी दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसलो होतो.

"यांचं येऊ दे," मी डावीकडं मान हलवली.

डावीकडं चौघं ओळीनं बसली होती. तीन मुलगे आणि एक मुलगी. अंगावर इस्त्रीचे कपडे, पुढ्यात उघडी पुस्तकं. बशी मात्र एकाच्याही पुढ्यात नाही.

"यांचं येणार नाही," मिस ओपल त्यांच्याकडं न बघता म्हणाली.

"संपलं?"

"संपलं नाही."

"मग?"

तिनं पुसून लख्ख झालेलं काउंटर पुन्हा एकदा पुसायला घेतलं. "तू खा रे बाबा," ती पुटपुटली, "आणि मला काही विचारू नकोस."

साल एकोणीसशे साठ. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, सूतगिरण्यांचं हॅरोफील्ड नावाचं गाव. नकाशात शोधू नका, मिळणार नाही. माझ्या गोष्टींतली गावं नकाशात मिळत असती तर आजवर माझी कितीदा पंचाईत झाली असती. तिथल्या वस्त्रविद्येच्या कॉलेजात मी त्या जानेवारीत दाखल झालो होतो. मी म्हणजे पंचगंगेकाठच्या मगदुमांचा भूपाल. इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट ऐकल्याशिवाय ज्याला झोप येत नाही असा. मिरज स्टेशनवर मला पोचवायला अर्धं गाव आलं होतं. गावच्या कार्यात वाजवणाऱ्या यल्लाप्पानं आणि त्याच्या माणसांनी गाडी हलेपर्यंत हलगी वाजवली. आज्जानं, म्हणजे माझ्या आजोबांनी, खिडकीतून डोकं आत घालून मला आशीर्वाद दिला होता: "पुरं शिकून ये. मधनंच आलास तर मिरजेलाच उतर आणि तिथंच ऱ्हा. गावात तोंड दाखवू नको."

तिकडं पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच थंडीनं कान गळायची वेळ आली, म्हणून मी आज्जाचा गुलाबी फेटा बांधायला लागलो. झालं! गावानं मला राजपुत्र करून टाकलं. मी स्वतः एक शब्द बोललो नव्हतो हो. कुणीतरी नावाचा अर्थ विचारला, तर भूपाल म्हणजे राजा, हे खरं तेच सांगितलं. मिस ओपलनं मात्र विचारलं, "घरी हत्ती किती?" तिचे डोळे इतके आशेनं चमकत होते की "एकही नाही" म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "तेरा. एक आजारी असतो."

हत्ती होते, पण खायचे हाल होते. आम्ही जैन. मांस नाही, अंडं नाही, आणि सूर्य बुडाल्यावर काहीच नाही. आईच्या हातावर हात ठेवून तसा शब्द देऊन आलेलो. आणि तो मुलूख असा की पाणी सोडलं तर सगळ्या पदार्थांत डुक्कर. घेवड्यात डुक्कर, पालेभाजीत डुक्कर, सफरचंदाच्या गोड पदार्थाच्या कणकेतसुद्धा डुकराची चरबी. अख्ख्या गावात माझ्या पोटाचा आधार एकच होता. कंगव्यापासून कापडापर्यंत सगळं विकणारं एक मोठं दुकान होतं, त्याच्या एका अंगाला खाण्याचं लांबलचक काउंटर, समोर गोल फिरणारी स्टुलं. तिथं मिस ओपल माझ्यासाठी तवा वेगळा घासून चीज-टोस्ट करायची. बाई पन्नाशीची, केस निळसर पांढरे, आणि आग्रह आमच्या थोरल्या आक्काच्या वरताण.

त्या दिवशी कॉलेजात यंत्र उघडून बसलो होतो, दुपारचं जेवण त्यातच बुडालं. उन्हं कलली तसा पळत दुकान गाठलं. बघतो तर काउंटर जवळजवळ मोकळं! एरवी मुंगीला जागा मिळायची नाही. तव्याच्या बाजूला तेवढी चौघं बसलेली. त्यांच्या शेजारचं स्टूल पकडलं आणि देव पावला म्हणालो.

पाण्याच्या नळांवर गोऱ्यांचा आणि काळ्यांचा अशा पाट्या असतात, हे मला ठाऊक होतं. मी कुठल्या नळाचं प्यावं हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून मी खोलीवरूनच पिऊन निघत असे. पण या काउंटरवर पाटी नव्हती. जिथं कुणी चुकून बसेल अशी भीती असते तिथं पाटी लावतात. इथं काळ्या माणसानं बसायचं धाडस आजवर केलंच नव्हतं. आणि गोरी गिऱ्हाइकं नुकतीच का उठून गेली असतील, हे माझ्या उपाशी डोक्यात शिरलंच नाही. मला दिसली ती ओळीनं, शांत, हात आवरून वाट बघत बसलेली माणसं. मनात म्हटलं, ही चांगल्या घरची पोरं. पंगतीची रीत जाणणारी.

आता पंगतीची रीत म्हणजे आमच्याकडं आज्जाचा कायदा. गावातलं कुठलंही कार्य असो, पंगतीच्या टोकाला आज्जा काठी घेऊन उभा. शेवटच्या पानावर शेवटचा पदार्थ पडला की तो हात जोडून म्हणायचा, "मंडळी, सावकाश होऊ द्या!" तोवर कुणाचा हात पानाला लागला तर काठी पाटाला लागायची. आणि एकदा बसलं की सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नाही. मी पाच वर्षांचा असताना शेजारच्याला वाढायच्या आधीच बुंदीचा एक कण तोंडात टाकला होता. एक कण! त्या दिवशी अख्ख्या पंगतीसमोर आज्जानं मला तो परत काढून ठेवायला लावला. तेव्हापासून दुसऱ्याचं पान रिकामं असलं की माझा हातच उचलत नाही. त्यात माझी काही थोरवी नाही, धसका आहे.

शेजारच्या मुलीनं पुस्तकातून डोकं वर न काढता हळूच विचारलं, "तू नक्की कोण?"

"भूपाल. विद्यार्थी."

"मी अर्नेस्टीन. हा ल्यूशस. मग भूपाल, तू जेव बाबा. आमच्यामुळं उपाशी राहू नकोस."

"तुमचं येऊ दे. किती वेळ झाला सांगून?"

"लिंकनच्या काळापासून सांगतोय."

पलीकडच्या ल्यूशसला हसू आवरेना. त्यानं तोंडावर पुस्तक धरलं. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वसतिगृहातली पोरं आठवडाभर काय कुजबुजत होती ते आठवलं. गावोगावी काळी मुलं अशीच काउंटरवर जाऊन बसत होती, मागत होती, मिळालं नाही तरी उठत नव्हती. कॉलेजच्या प्रमुखांनी आम्हा परदेशी पोरांना बोलावून बजावलं होतं: असल्या भानगडीत दिसलात तर पहिल्या बोटीनं घरी.

पहिली बोट. म्हणजे मिरज स्टेशन. म्हणजे आज्जा.

अंगाला घाम फुटला. आता उठावं, तर पंगत मोडली. बसावं, तर कॉलेज गेलं. खावं, तर हात उचलेना. आणि न खावं, तर समोरच्या काचेतून दिसणारा सूर्य गिरणीच्या धुराड्याला टेकायला आलेला. तो त्यामागं गेला की दुसऱ्या सकाळपर्यंत पोटाला काही नाही.

"तू घाबरलायस," अर्नेस्टीन म्हणाली.

"थोडासा."

"आम्हीही. पुस्तक उलटं धरू नकोस म्हणजे झालं. ल्यूशस मघापासून उलटं धरून बसलाय."

एवढ्यात मॅनेजर मिस्टर प्रुइट आले. लहानखुरे गृहस्थ, बो-टाय सतत वाकडा. माझ्यापुढं कमरेत वाकून म्हणाले, "युवर हायनेस, आत माझ्या ऑफिसात टेबल मांडलंय. टेबलक्लॉथ घातलाय. फुलं ठेवलीत. आपण तिकडं चलावं."

"पंगतीतून उठता येत नाही."

"कशातून?"

मी रीत समजावून सांगितली. सगळ्यांना वाढल्याशिवाय सुरू करायचं नाही, सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही. प्रुइटसाहेबांचा बो-टाय आणखी वाकडा झाला.

"आणि कुणी उठलंच तर?"

इथं मला राहवेना. "माझ्या आजोबांच्या कारकिर्दीत एकजण उठला होता."

"मग?"

"त्याचं नाव आमच्याकडं कुणी घेत नाही. मलासुद्धा माहीत नाही."

हे अगदीच खोटं नव्हे. आमचे एक दूरचे मावसे लग्नात रुसून पानावरून उठले होते, आणि त्यांचं नाव खरंच कुणी काढत नसे. पण प्रुइटसाहेबांना तेरा हत्ती डोळ्यांसमोर दिसले असावेत. ते धावत फोनकडं गेले. काउंटरला लागूनच फोन, सगळं ऐकू येत होतं.

"हो साहेब... नाही साहेब, यांना वाढणार नाहीच... हो, काउंटर बंद करतो... पण तो प्रिन्स जेवतोय ना... नाही, जेवत नाहीये... नाही, राजाला हाकलता येत नाही, उद्या वर्तमानपत्रात येईल, परवा वॉशिंग्टनहून फोन येईल... तुम्हीच सांगा, मी काय करू?"

वरच्या साहेबानं सांगितलं असावं की राजाचा अपमान होता कामा नये आणि या चौघांना वाढताही कामा नये. प्रुइटसाहेब परत आले ते हातात 'बंद' अशी पाटी घेऊन. ती माझ्या बशीशेजारी ठेवावी की नको, या विचारात ते ती तशीच पोटाशी धरून उभे राहिले. बघणाऱ्याला वाटावं, साहेबच बंद पडलेत.

"ओपल," ते कळवळून म्हणाले, "त्यांना खायला लाव."

"मघापासून तेच करतेय," मिस ओपल फणकारली. "माझ्या हातचं आजवर कुणी टाकलं नाही. एक घास, प्रिन्स. माझ्यासाठी."

"मिस ओपल, आणखी चार करा, मी पाचही बश्यांची तारीफ करतो."

तिनं तव्याकडं पाहिलं. मग प्रुइटसाहेबांकडं. तवा तापलेला होता, एवढंच सांगतो.

तेवढ्यात दारातून गोऱ्या पोरांचं टोळकं आत आलं. आठ-दहा जण असतील. मग मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. एकानं टोमॅटो सॉसची बाटली उचलली आणि ल्यूशसच्या पुस्तकावर उपडी केली. ल्यूशसनं पान उलटलं. दुसऱ्यानं अर्नेस्टीनच्या केसांत साखर ओतली. तिनं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले, बस्स. मी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. ल्यूशसनं नुसतं मानेनं मला खुणावलं: असंच.

मग त्यांच्या म्होरक्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. पाठीवर लोंबणारा फेट्याचा शेमला त्यानं धरला आणि ओढला.

आता आज्जाचा फेटा म्हणजे साधं काम नव्हे. इचलकरंजीच्या मागावर खास काढलेला, बारीक सुताचा. पोरगा ओढत गेला आणि फेटा उलगडत गेला. माझं डोकं भोवऱ्यासारखं फिरायला लागलं, खालचं स्टूलही फिरतं, त्यामुळं मी आख्खाच गरगर फिरलो. एकदा मिस ओपल दिसे, एकदा साबणाची फळी, एकदा प्रुइटसाहेब. पोरगा मागं मागं सरकत कंगव्यांच्या कपाटापाशी गेला, बाहुल्यांच्या पलीकडं गेला, दारातून बाहेर रस्त्यावर गेला, तरी फेटा संपेना. काहीजण म्हणतात तो त्याच ओढीत पलीकडच्या चर्चपर्यंत गेला. तेवढं मी सांगत नाही, मला चक्कर आली होती.

स्टूल थांबलं तेव्हा प्रुइटसाहेब माझ्यासमोर उभे होते. माझ्या बारीक कापलेल्या, तेल लावलेल्या डोक्याकडं टक लावून बघत होते. फेट्याखालचा मी त्यांना पहिल्यांदाच दिसत होतो. त्या चौघांपैकी दोघांपेक्षा मी चांगलाच काळा होतो.

त्यांचं वाकणं संपलं. बो-टाय त्यांनी सरळ केला.

"ऊठ," ते म्हणाले.

मी उठलो नाही. त्यांनी माझ्यापुढची बशी उचलली, टोस्ट कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि 'बंद'ची पाटी दाणकन माझ्यासमोर आपटली.

"त्याच्यासाठी तवा वेगळा घासला होता मी," मिस ओपल कुणाकडंही न बघता म्हणाली.

आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. पाच जणांची पंगत आणि पाचही जणांपुढं सारखंच: काही नाही. पंक्तिप्रपंच संपला होता. बाहेर सूर्य धुराड्यामागं गेला. मी ल्यूशसचं सॉसनं माखलेलं पुस्तक थोडं माझ्याकडं ओढलं आणि दुकान बंद व्हायची घंटा होईपर्यंत वाचत बसलो. व्यापारी कायद्याचं होतं. एक अक्षर कळलं नाही.

बाहेर फुटपाथवर चिखलात फेटा पडलेला. फेटा बांधायचा तर दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. अर्नेस्टीननं केसांतली साखर झटकली आणि टोक धरलं.

"तुमच्याकडं सगळेच असं करतात?" तिनं विचारलं. "सगळ्यांना वाढेपर्यंत थांबतात?"

"सगळेच. आज्जाची काठी असते."

"छान आहे." तिनं टोक ताणलं. मग म्हणाली, "आणि तुमच्या त्या ओळीत शेवटी कोण बसतं?"

एरवी माझ्याकडं कुठल्याही प्रश्नाला तेरा हत्ती तयार असतात. त्या वेळी एकही आला नाही.

"हलगीवाले," मी म्हणालो. "वाजवणारे. पण ते ओळीत नसतात. बाहेर, चिंचेखाली. सगळ्यांचं झाल्यावर."

"त्यांना वाढेपर्यंत कुणी थांबतं?"

"टोक नीट धर," मी म्हणालो. "फेटा सैल होतोय."

तिनं टोक घट्ट धरलं आणि पुढं काही विचारलं नाही. फार वाईट मुलगी.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी बोलावलं. "तू तिथं काय करत होतास?"

"जेवायला बसलो होतो."

"मग जेवला का नाहीस?"

"वाढून झालं नव्हतं."

त्यांनी नियमांचं पुस्तक बराच वेळ चाळलं. मी खाल्लं नव्हतं, कुणाला उलट बोललो नव्हतो, उभाही राहिलो नव्हतो. नेमकं काय केलं म्हणून बोटीत बसवायचं, हे त्यांना मिळेना. "नीघ," ते म्हणाले. त्यानंतर मी रोज दुपारी त्या चौघांबरोबर जाऊन बसत राहिलो. खोलीवर शेंगदाणे खाऊन जायचो. ऐन उन्हाळ्यात एके दिवशी, दुकानाचा गल्ला पार आटल्यावर, कुणाला फारसं न सांगता, मिस ओपलनं एकदम पाच बश्या मांडल्या. प्रुइटसाहेब तेव्हा साबणाची फळी नीट लावण्यात फार गुंतले होते. मी हात जोडून म्हणालो, "मंडळी, सावकाश होऊ द्या!"

"म्हणजे काय?" अर्नेस्टीननं विचारलं. मी अर्थ सांगितला.

"सावकाश?" ती म्हणाली. "आमचं तीनशे वर्षं सावकाशच चाललंय." आणि तिनं टोस्टचा केवढा तरी मोठा घास घेतला.

पुरं शिकून मी मिरजेला उतरलो. हलगी वाजली. पुढल्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मांडवात पंगत बसली, पानांवर गव्हाची गोड हुग्गी पडली, वांगं पडलं, बुंदी पडली. यल्लाप्पा आणि त्याची माणसं सकाळपासून वाजवून दमलेली, नेहमीसारखी चिंचेखाली बसली होती. उन्हं उतरत होती. वऱ्हाड सगळं आमचंच, जैनांचं. सूर्य बुडायच्या आत प्रत्येकाला जेवायचं होतं.

आज्जानं हात जोडले. "मंडळी, सावकाश होऊ द्या!"

नवरदेवानं पहिला घास घ्यायचा अशी रीत. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"घे की रं," आज्जा म्हणाला.

"वाढून झालं नाही."

"कुठं ऱ्हायलं?"

मी चिंचेकडं बोट केलं. बाबांनी कपाळाला हात लावला. "अमेरिकेला धाडायलाच नको होतं याला," ते म्हणाले. भावकीतले दोघं-तिघं रागानं उठायला लागले. आज्जाची काठी पाटावर कडाडली: "पंगतीतनं उठायचं न्हाई!" ते जसे उठले तसे बसले. मग आज्जाच्याच लक्षात आलं, आपण काय बोललो ते. आता कुणाला उठता येईना आणि कुणाला खाता येईना. त्यानं सूर्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. शंभर उपाशी तोंडं त्याच्याकडं बघत होती. जन्मभर सांभाळलेला कायदा त्याच्याच मानेवर बसला होता.

"यल्लाप्पा!" तो ओरडला. "ये बाबा, बस!"

"नगं मालक. आमी मागनं खातो. आमाला सवय हाय."

"अरं बस म्हणतोय न्हवं!"

यल्लाप्पानं हलगी चिंचेला टेकवली. अंग झाडत उठला. पंगतीच्या टोकाशी येऊन थांबला आणि आज्जाकडं बघून शांतपणे म्हणाला, "कुटं बसू मालक? टोकाला, का मधी?"

सूर्य चिंचेच्या शेंड्याआड चालला होता. आज्जानं काठी जमिनीला टेकवली.

"मधी बस," तो म्हणाला. "कुटंबी बस."

यल्लाप्पा आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याची माणसं जागा सापडेल तिथं बसली. वाढपी बुंदीची परात घेऊन इकडून तिकडं नुसते धावत सुटले. यल्लाप्पानं पानावरची बुंदी सारखी केली, शेजारच्यांची पानं निवांत न्याहाळली आणि म्हणाला, "मालक, वांगं न्हाई आलं अजून आमच्याकडं."

आणि पंचगंगेकाठच्या पंगतींत ज्यानं उभा जन्म एकच वाक्य म्हटलं होतं, तो माझा आज्जा काठी हवेत फिरवत, बुडत्या सूर्याकडं बघत गरजला,

"लवकर होऊ द्या रं, लवकर!"